तीनशे भाज्यांची कांडवेल

मी एक जुनी कांडवेल आहे. नेमकी किती जुनी ते सांगता येणार नाही, कारण माझा जन्म झालाच नाही. मला मोडलं. तिरुनीलक्कुडीच्या एका शेताच्या कुंपणावर माझी आई पसरली होती. जयलक्ष्मीआजींनी तिचं वीतभर कांडं मोडून घेतलं, ते मी. आम्हा कांडवेलींचं असंच असतं. तुकडा मातीत खोचला की पुन्हा अख्खी वेल. तेव्हा माझी आई आणि मी वेगळ्या की एकच, हा प्रश्न मी स्वतःला एकदाच विचारला. त्या महिन्यात मला एकही पान फुटलं नाही. पुन्हा विचारला नाही.

आजींनी मला वांग्यांच्या पिशवीत घालून बसने कुंभकोणमला आणलं आणि जिन्याखाली एका फुटक्या निळ्या बादलीत लावलं. मी जिन्याच्या जाळीला धरून वर निघाले. माझं खोड चौकोनी, चार धारांचं, आणि थोड्याथोड्या अंतरावर गाठ. लांबून पाहिलं तर कोणाच्या तरी पाठीचा कणा भिंतीवर चढतोय असं वाटतं. म्हणूनच मला कोणी हाडसांधी म्हणतात. तमिळ शेजारी पिरंडै म्हणतात. पोथीत मी वज्रवल्ली आहे. नावं इतकी, बादली एकच, तीही फुटकी.

मित्रांनो, मोठेपणा सांगू नये, पण माझा थोडा आहे. गोष्ट अशी सांगतात. वसिष्ठांनी विश्वामित्रांना श्राद्धाला बोलावलं. विश्वामित्र म्हणाले, येतो, पण पानात एक हजार आठ भाज्या हव्यात. वसिष्ठ सरळ माणूस, त्यांनी हे जाऊन अरुंधतीला सांगितलं. तिने कारलं वाढलं, मला वाढलं, फणस वाढला आणि वर आठ साध्या भाज्या. विश्वामित्र रागावले. अरुंधती शांतपणे म्हणाली, श्राद्धाच्या पानात कारलं म्हणजे शंभर भाज्या, वज्रवल्ली म्हणजे तीनशे, फणस म्हणजे सहाशे. मोजून घ्या. विश्वामित्र मुकाट्याने जेवले.

तेव्हापासून मी तीनशे भाज्यांची आहे. दोन घरं सोडून एक फणस उभा आहे. तो सहाशेंचा, म्हणून माझ्याशी बोलत नाही.

श्राद्धाच्या दिवशी माझा मान काही विचारू नका. आजी स्वतः खाली येतात. कोवळी टोकं खुडतात, ‘येते हो’ म्हणतात आणि मला घेऊन जातात. उरलेले दिवस मला पाणी घालायचंही कोणाच्या लक्षात येत नाही. तसं मला पाणी फारसं लागत नाही, पण विचारायला काय जातं? एका उन्हाळ्यात मी गच्चीवरच्या टीव्हीच्या तबकडीला मिठी मारली. घरातलं चित्र गेलं. दोन कारागीर आले, त्यांनी टीव्ही उघडून पाहिला. तिसऱ्याने वर पाहिलं. त्या दिवशी माझी बरीच काटछाट झाली. पण घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं, तो तेवढा एकच प्रसंग.

या घरात व्यंकोबा राहतात. ते आजींचे यजमान, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. घरात सगळे आपली तंजावरी मराठी बोलतात, उंबऱ्याबाहेर तमिळ. व्यंकोबांचा माझ्यावर फार विश्वास, आणि तो एका घोड्यामुळे. त्यांचे कोणी पूर्वज मराठी फौजेबरोबर इकडे आले, तेव्हा वाटेत घोड्याचा पाय मोडला आणि तो त्यांनी कांडवेल बांधून जोडला. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एक पाय होता. नातीच्या बारशाला दोन झाले. गेल्या दिवाळीला चारही पाय मोडले होते आणि घोडा तसाच कावेरी पोहून आला.

“तुमचे पूर्वज आचारी होते,” आजी म्हणाल्या. “त्यांनी घोडा लांबून पाहिला असेल.”

नात म्हणजे कीर्ति. वय वर्षं अकरा, बॅडमिंटन खेळते. लक्ष्मीप्रिया नावाच्या मैत्रिणीबरोबर तिची जोडी आहे, आणि शाळेच्या सामन्यांना तेव्हा दोन महिने राहिले होते. त्या दिवशी सकाळी आईबाबा कामावर गेले होते, आजी एका साखरपुड्याला पापनाशमला. घराचा कारभार व्यंकोबांकडे, म्हणजे कोणाकडेच नाही. कीर्तिचं बॅडमिंटनचं फूल माझ्या गाठींत अडकलं. ती स्टुलावर चढली. स्टूल माझ्याच एका फांदीवर ठेवलेलं होतं. मी काही केलं नाही, मी फक्त गाठाळ होते. स्टूल कललं.

ती उजव्या हातावर पडली. मनगट फुगलं, आणि हात जिथे सरळ असायला हवा तिथे किंचित वाकला.

“आजा, दुखताय,” ती म्हणाली. रडली नाही. ते मला जास्त लागलं.

व्यंकोबांनी हात पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मला ती नजर ओळखीची होती. घोड्याची नजर होती ती.

“घाबरू नको गे. डॉक्टर कशाला? घरचं औषध दारी आहे. वाटून बांधितो. आठ दिवसांत रॅकेट धरशील.”

“आणि नाही धरिली तर?”

“घोडा पोहला की नाही?”

“आजा, मी घोडा नाही.”

मित्रांनो, आता खरं सांगायची वेळ आली. मला पूर्वी मोडल्या हाडांवर बांधत, हे खरं. हल्लीही अभ्यासक माझ्यावर प्रयोग करतात आणि ‘आशादायक आहे, अजून पाहावं लागेल’ असं म्हणतात. मी कौतुक ऐकून घेते. पण हाड सरकलेलं असेल तर ते आधी जागेवर बसवावं लागतं, आणि मला हात नाहीत. सरकलेल्या हाडावर मला बांधलं तर हाड जुळेल, पण वाकडं जुळेल. मग कीर्तिला रॅकेट कायमची जड. हे सगळं मला कळत होतं आणि सांगता येत नव्हतं. तोंड नसण्याचा तोटा मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवला.

व्यंकोबांनी माझ्या चांगल्या दहा-बारा कांड्या मोडल्या आणि पाट्यावर घेतल्या. चाळीस वर्षांच्या संसारात ते पाट्यापाशी पहिल्यांदाच बसत होते. आजी मला कशी हाताळतात ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. आजी आधी दोन्ही हातांना कोपरापर्यंत तिळाचं तेल लावतात. धारा सोलतात, गाठी टाकून देतात. मग तेलात रंग बदलेपर्यंत परततात, आणि चिंच, उडदाची डाळ, मिरच्या घालून वाटतात. तेव्हा कुठे माझी चटणी होते. तोंडाला चव आणते, पोटाला बरी. कारण कच्ची मी खाजरी आहे. माझ्या अंगात सुयांसारखे बारीक स्फटिक असतात, ते हाताला बोचतात आणि जिभेला तर सोडतच नाहीत. हा दुष्टपणा नाही. गुरांनी खाऊ नये म्हणून केलेली सोय आहे. गुरांना कळते.

व्यंकोबांनी तेल लावलं नाही. वरवंटा धरून दहा फेऱ्या मारल्या. अकराव्या फेरीला थांबले. तळहात पाहिले. एक हात दुसऱ्याने खाजवला, मग दुसरा पहिल्याने, आणि मग दोन्ही हात एकाच वेळी कसे खाजवावेत या विचारात पडले.

मी आयुष्यात कोणाला इतक्या मनापासून खाज आणली नव्हती.

“कीर्ति, फोन लाव. तुझ्या आजीला. मला नाही धरवत.”

कीर्तिने डाव्या हाताने फोन लावला आणि आवाज मोठा केला.

“काय वो? जेवलांत का?”

“कांडवेल वाटिली. हात जळतात.”

“तेल लाविलं होतं?”

व्यंकोबांनी फळीवरच्या तेलाच्या बाटलीकडे पाहिलं.

“अय्यो, देवा. पण वाटिली कशाला? आज कोणाचं श्राद्ध?”

“आजी, माझा हात मोडला,” कीर्ति म्हणाली.

तिकडचा साखरपुड्याचा गलका मागे पडला. मग आजींचा आवाज आला, अगदी सावकाश. “अहो, ऐका. त्या वेलीची मी चटणी करिते, कारण तिची चटणी होते. आत्ताच्या आत्ता ऑटो बोलवा. दोघेही दवाखान्यात जा. आणि घोड्याला घरी ठेवा.”

गेले. मीही गेले. व्यंकोबांनी पुरावा म्हणून माझं एक कांडं पिशवीत घातलं होतं. तुकडा असला तरी मीच ती.

डॉक्टरीणबाईंनी टेबलाच्या पलीकडून पाहिलं. मुलगी शांत बसलेली, म्हातारे गृहस्थ टेबलाच्या कडेवर तळहात घासतायत.

“पेशंट कोण?” त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

“दोघं,” कीर्ति म्हणाली. “आजाचं आधी बघा. मी थांबते.”

बाईंनी व्यंकोबांना लेप दिला आणि कीर्तिचा एक्स-रे काढला. हाड मोडलं होतं आणि जरासं सरकलंही होतं. त्यांनी ते नीट बसवून प्लॅस्टर घातलं. “आठ दिवस पाला बांधून घरी ठेवलं असतं तर वाकडं जुळलं असतं,” त्या म्हणाल्या. “लवकर आलात, बरं झालं. कोणी पाठवलं?”

व्यंकोबांनी पिशवीतून मला काढून टेबलावर ठेवलं. “हिने,” ते म्हणाले.

मित्रांनो, श्राद्धात माझा तीनशे भाज्यांचा मान आहे. पण त्या दिवसासारखा मान मला कधी मिळाला नाही.

प्लॅस्टर निघालं. बाईंच्या परवानगीने कीर्ति हळूहळू खेळायला लागली, आणि सामन्यात ती आणि लक्ष्मीप्रिया दुसऱ्याच फेरीत हरल्या. पण दोघी सरळ हातांनी हरल्या. त्या संध्याकाळी ती जिन्याखाली आली आणि उजव्या हाताने माझ्या गाठींतून ते जुनं फूल सोडवून घेतलं. इतके दिवस मी ते जपलं होतं. मग तिने बादलीत तांब्याभर पाणी ओतलं. कोणी सांगितलं नव्हतं.

व्यंकोबा अजून गोष्ट सांगतात. आता त्यात घोड्याला आधी एक्स-रेला नेतात.

माझं एवढंच म्हणणं आहे. आम्हा वेलींना जपा, अधूनमधून पाणी घाला. खायचं तर तेल लावून, चिंच घालून खा. कच्चं तोंडात घालू नका. पोटात बाळ असेल किंवा रोजची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि हाड मोडलं तर माझ्याकडे येऊ नका. मी तीनशे भाज्यांइतकी आहे, पण एका एक्स-रेइतकी नाही.

टेबलावर राहिलेलं ते कांडं डॉक्टरीणबाईंनी दवाखान्याच्या दारात लावलं. तिथेही मी आता चांगली खांबावर चढले आहे. कुंडी नवी आहे, फुटकी नाही. तिच्यावर तमिळमध्ये पाटी आहे: ‘चटणीसाठी तोडून न्या. हाड मोडलं असेल तर आत या.’