उंबऱ्यातला शेर्गिल

आमच्या राचा प्रांताच्या डोंगरात मोठ्या माणसाला चर्चच्या उंबऱ्यातच पुरतात. येणाऱ्याजाणाऱ्याने त्याच्या छातीवर पाय द्यायचा. पावलागणिक पाप झिजतं, आणि दगडावरचं नाव पुसलं गेलं की सुटला बिचारा. शेर्गिल सरदाराची शिळा मीच घडवली. दुष्काळात त्याने बाजरीच्या कोठाराला कुलूप घातलं होतं. माझा धाकटा भाऊ त्याच कोठाराच्या भिंतीला टेकून मेला. तरी नाव कोरलं. खोल कोरलं, मुद्दाम.

सरदाराला वाटलं होतं, चिडलेले लोक पाय आपटत जातील, आठवड्यात सुटका! पण आमची माणसं त्याच्याहून बेरकी. सगळी उडी मारून आत जायला लागली. नव्वदीची माक्रिने आजी काठी टेकायची आणि बकरीसारखी पलीकडे. एकदा तर नवरा-नवरी, वऱ्हाड, वाजंत्री एका दमात उडाले. ढोल हवेतसुद्धा वाजत होता, शपथ.

पाच वर्षांत एक अक्षर झिजलं नाही.

त्याची बायको गुरांदुख्त एकटी रोज त्या शिळेवर अनवाणी उभी राहायची. दुष्काळात नवऱ्याची नजर चुकवून हिनेच आमच्या पोरांना दूध पोचवलेलं.

"बेश्केन, तूसुद्धा उडी मारतोस?"

"मारतो, बाईसाहेब. गुडघे दुखतात, तरी मारतो."

"तो स्वप्नात येतो रे. म्हणतो, छातीवर नुसता दगड आहे, पाय नाही."

"माझ्या भावाच्या छातीवर दगडसुद्धा नाही, बाईसाहेब."

तिने शिळेच्या पलीकडची, आतली फरशी पायाने चाचपली. "उडी मारून इथेच उतरता ना? मला इथे पुर."

"तुमची जागा आत, भिंतीशी..."

"इथे म्हटलं ना!"

हिवाळ्यात ती गेली. पुरलं तिथेच. पुढच्या रविवारी अख्खं गाव दारात खोळंबलं. उडी मारावी तर दाणकन गुरांदुख्तच्या छातीवर. दोन्ही शिळा ओलांडेल अशी तंगडी माक्रिनेचीही नव्हती.

"बघतोस काय, मेल्या?" ती माझ्यावर खेकसली. "खड्डा तू खणलास, हो पुढे!"

मी शेर्गिलवर पाय ठेवला. दाबून ठेवला, भावासाठी. मग पायताण काढून तिच्यावरून अलगद आत गेलो. मागून सगळे तसेच आले.

आता त्याच्या नावातलं पहिलं अक्षर बोटाला लागत नाही. माफ केलं का, ते मला विचारू नका. पाय मात्र पडतो.