तिसरी आपली

आत्मारामरावांनी प्रोजेक्टरची वायर प्लगमधून अर्धी ओढली, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा आत सारली. वायर ओढून तरी काय होणार होतं? हॉलमध्ये शंभर माणसं होती आणि शंभरांच्या खिशात शंभर मोबाइल. शर्यत कुठल्या तरी मोबाइलवर लागलीच असती.

"क्या हुआ आत्मारामभाई, लूज है क्या?" सोसायटीचे सेक्रेटरी भूपेशभाई मागून आले.

"नाही नाही. बघत होतो."

"आप छोडो ना ये सब. आगे बैठो. आज तो आप दुल्हन के बाप हो!"

भूपेशभाईंनी त्यांना दंडाला धरून पहिल्या रांगेत नेलं. तिथे प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या पुढे एक सोफा मांडला होता. तो भूपेशभाईंच्या घरातला. चौघांनी मिळून तिसऱ्या मजल्यावरून उतरवला होता. त्यावर अनसूयाबाई ठेवणीतली साडी नेसून आधीच बसल्या होत्या. आत्मारामराव त्यांच्या शेजारी बसले. मागे भरलेला हॉल, पुढे भिंतीवरचा पांढरा पडदा, डाव्या हाताला बायको आणि उजव्या हाताला भूपेशभाई. उठून जायचं म्हटलं तर कुठून जाणार?

दुपारी बाराला निशिगंधाचा परदेशातून फोन आला होता.

"बाबा, मी नाहीये फायनलला. काढलं मला. माझ्या जागी जिन्सी पळणार आहे." मग, "आईला सांगू नका. बीपी वाढेल तिचं." आणि फोन ठेवला.

काल पात्रता फेरीच्या हीटमध्ये ती धावली होती. चौघींची रिले, प्रत्येकीचे चारशे मीटर, म्हणजे तिथल्या त्या छताखालच्या छोट्या ट्रॅकवर दोन-दोन फेऱ्या. निशिगंधा तिसरी. संघ कसाबसा फायनलला पोचला होता. आणि आत्मारामराव गेले महिनाभर लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी, गेटवरच्या वॉचमनपाशी एकच धडा शिकवत होते. पळताना त्या सगळ्या सारख्याच दिसतात, नाव वाचता येत नाही, छातीवर देशाचं नाव असतं. तेव्हा एवढंच लक्षात ठेवायचं, तिसरी आपली. सोसायटीतली पोरंटोरंसुद्धा ते पाठ म्हणत होती.

चारला भूपेशभाईंना सांगून टाकू, असं त्यांनी ठरवलं. चारला गेटवर फ्लेक्स चढत होता. त्यात निशिगंधा टिकलीएवढी आणि हात जोडलेले भावी नगरसेवक चांगले पुरुषभर. खाली 'आपल्या सोसायटीची शान'. पाचला सांगू म्हटलं, तर ढोकळ्याचे ट्रे आले. सहाला अनसूयाबाई देवापुढे निरांजन लावून डोळे मिटून बसल्या होत्या, तिथे कोणाची जीभ उचलेल? सातला आत्मारामरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि खाली आले. आता सांगितलं तर पोरीचा पचका आणि न सांगितलं तर आपला. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या सोफ्यावर आत्माराम दळवी.

मनातल्या मनात ते जिन्सीवर चिडले होते. केरळची ती पोर व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मुंबईत आली, तेव्हा तीन दिवस यांच्याच घरी राहिली होती. निशिगंधाच्या गादीवर झोपली. अनसूयाबाईंना अम्मा म्हणत तीन-तीनदा भात मागून घेतला. आणि आता निशिगंधाचीच जागा घेऊन बसली. हे चिडणं अन्यायाचं आहे हे त्यांना कळत होतं. पण बारा वर्षं घोडबंदरच्या चढावर पहाटे पोरीच्या मागे स्कूटर चालवलेल्या माणसाला न्याय-अन्याय कळून भागत नाही.

पडद्यावर ट्रॅक दिसू लागला. वळणांवर तो ताटाच्या कडेसारखा वर उचललेला होता. निवेदक कुठल्याशा अगम्य भाषेत बोलत होता. एकेका देशाच्या मुली हात हलवत येऊ लागल्या आणि नेमकं नावं यायच्या वेळी चित्र गोठलं.

"अरे यार, नेट!" मागून नीलेश ओरडला. हा बी विंगमधला, मॅच असो की मयत, आवाज याचाच.

आत्मारामरावांनी आयुष्यात पहिल्यांदा खराब नेटचे आभार मानले. चित्र पुन्हा हललं तेव्हा निळ्या पोशाखातल्या चौघी ओळीने उभ्या होत्या. केस मागे घट्ट बांधलेले, अंगकाठी सारखीच. पडद्यावर चेहऱ्यांच्या जागी नुसते ठिपके होते.

"ती बघ, ती! तिसरी आपली!"

"निशी! निशी! निशी!"

सगळा हॉल टाळ्यांच्या तालावर ओरडायला लागला. आत्मारामरावांनी बायकोकडे पाहिलं. अनसूयाबाई पडद्याकडे बघत होत्या. टाळ्या वाजवत नव्हत्या, हात मांडीवर होते. घाबरली असेल, असं त्यांना वाटलं. हीच वेळ होती. उठून म्हणायचं, मंडळी, थोडा बदल झालाय. त्याऐवजी त्यांनी दोन हात पुढे आणले आणि टाळ्या वाजवल्या. आपल्याच तळव्यांच्या आवाजाने त्यांना ओशाळल्यासारखं झालं.

पिस्तूल वाजलं. पहिली मुलगी बरी धावली, चौथ्या नंबरावर आली. दुसरीने कमाल केली. शेवटच्या वळणावर दोघींना मागे टाकलं आणि हॉलमधल्या खुर्च्या सरकल्या, माणसं उभी राहिली. सगळ्या देशांच्या तिसऱ्या मुली एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून हात मागे करून उभ्या होत्या. बॅटनची नळी हातात पडली. निळी मुलगी सुटली. एका हातातून दुसऱ्या हातात घेताना शेजारणीचं कोपर लागलं की काय, काहीतरी झालं आणि ती नळी उडून ट्रॅकच्या आतल्या बाजूला घरंगळत गेली.

उभी राहिलेली माणसं एकेक करून खाली बसली.

ती मुलगी वळली, आत धावली, वाकली, नळी उचलली, पुन्हा ट्रॅकवर आली. तोवर बाकीच्या अर्धी फेरी पुढे गेल्या होत्या. ती एकटी धावत राहिली. कॅमेराही तिला सोडून पुढच्यांकडे गेला.

"हे काय यार," नीलेश म्हणाला. "नुसती धरून तर पळायचं होतं."

"इतनी प्रॅक्टिस करके हाथ से छूटता है?" मागून कोणी बाई म्हणाल्या.

"शू! माँ-बाप बैठे हैं सामने."

आत्मारामरावांना हायसं वाटलं. सांगायला लाज वाटेल इतकं हायसं वाटलं. सुटलो. आता एकच वाक्य बोलायचं आणि पोरगी धुतल्या तांदळासारखी. ही निशी नव्हतीच. निशीला घेतलं असतं तर असं झालं नसतं. दुपारपासून दाबून ठेवलेलं वाक्य आपसूक जिभेवर आलं. ते उठले. भूपेशभाईंना वाटलं, बापाला दोन शब्द बोलायचेत. भल्या माणसाने लगेच माइक पुढे केला.

"मंडळी," आत्मारामराव म्हणाले, "आत्ता जी मुलगी..."

अनसूयाबाईंनी त्यांच्या हातातून माइक काढून घेतला. ही बाई दहा वर्षांत सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक अक्षर बोलली नव्हती.

"हात सुटला पोरीचा," त्या म्हणाल्या. माइक तोंडाच्या फार जवळ होता, आवाज घुमला. "सुटतो. सगळ्यांपुढे सुटला म्हणून दिसला. पण उचलून पळाली ना? थांबली नाही. आमचीच पोर आहे ती. ढोकळा केलाय, कोणी तसंच जाऊ नका."

आधी भूपेशभाईंनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. संघ शेवटचा आला, ते फारसं कोणी पाहिलंही नाही. ट्रे उघडले गेले.

आत्मारामराव सोफ्यावर बसले. "तुला कळलं होतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"नऊ महिने पोटात वागवलीय मी. ओळीत उभ्या राहिल्या तेव्हाच कळलं. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते."

"मग आत्ता का नाही बोलू दिलंस?"

"काय बोलणार होतात? ती दुसऱ्याची आहे म्हणून?" अनसूयाबाईंनी पदराने कपाळ पुसलं. "माझ्या हातचं जेवलीय ती. तिची आईपण बसली असेल कुठेतरी असंच, माणसं जमवून."

"अगं, पण उद्यापासून जिन्यात निशीला लोक..."

"आली की ती सांगेल. तिचं तिला सांगू दे."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. निशिगंधा. ते गर्दीतून वाट काढत बाहेर जिन्यात आले. कोणी पाठीवर थाप मारली, कोणी "होता है अंकल" म्हणालं.

"बाबा." ती रडत होती. "बघितलंत?"

"बघितलं. तू रडू नकोस. तुझा काय दोष? त्या कोचला म्हणावं, आता भोग आपल्या कर्माची फळं."

पलीकडे तिने नाक ओढलं.

"बाबा, मला काढलं नव्हतं."

"म्हणजे?"

"मीच सांगितलं कोचना. पाय धरलाय म्हणून. नव्हता धरला. काल त्याच जागी मला धक्का बसला होता, पडता पडता वाचले. रात्रभर तेच डोळ्यांपुढे येत होतं. आणि तुमचे मेसेज. हॉल घेतला, सगळे येणार, सगळे बघणार. मला नाही जमलं बाबा. जिन्सीला सकाळी झोपेतून उठवून सांगितलं त्यांनी."

आत्मारामरावांनी कठडा धरला. दुपारपासून ते कोचवर चिडले होते, जिन्सीवर चिडले होते, नशिबावरही चिडून झालं होतं. आता चिडायला आपल्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. पोरीवर ओरडावं असं क्षणभर वाटलं.

"जिन्सी कुठाय?" त्यांनी विचारलं.

"बाथरूममध्ये. आतून कडी लावून घेतलीय. कोणालाच उघडत नाहीये. तिला वाटतंय सगळं तिच्यामुळे गेलं."

"तिच्याकडे जा."

"जाऊन काय सांगू?"

"मला सांगितलंस तेच."

"ती परत बोलणार नाही माझ्याशी."

"न बोलो. दार उघडेपर्यंत तिथून हलायचं नाही. जा."

फोन ठेवायचं निशिगंधाच्या लक्षात राहिलं नाही. लांब कॉरिडॉरमधून चालण्याचा आवाज येत राहिला, मग एक दार ढकललं गेलं.

"आत्मारामभाई, चलो ना, थोडा तो खाओ!" भूपेशभाई हॉलच्या दारातून बशी घेऊन आले. आत्मारामरावांनी हात वर करून त्यांना गप्प केलं.

पलीकडे कोणीतरी दारावर टकटक केली. पुन्हा टकटक झाली. मग निशिगंधा हिंदीत काहीतरी बोलू लागली, इतक्या हळू की शब्द कळेनात. आत्मारामराव जिन्याच्या पायरीवर बसले आणि त्यांनी फोन कानाशी धरून ठेवला.