शेजारणीचा निरोप

माणसाच्या एका कानात आवाज पकडणाऱ्या केसपेशी असतात, आतल्या साधारण साडेतीन हजार आणि बाहेरच्या बारा हजारांच्या आसपास. आतल्यांची एक ओळ, बाहेरच्यांच्या तीन. प्रत्येकीच्या भोवती तिला तोलून धरणाऱ्या आधारपेशी असतात. मित्रांनो, मी त्यांतलीच एक जुनी आधारपेशी आहे. जुनी म्हणायचं कारण असं, की जिच्या उजव्या कानात मी राहते ती प्रियदर्शनी साडेतीन वर्षांची आहे, आणि मी तिच्या जन्माच्याही आधीची आहे.

तिची आई अक्षता पोटुशी होती तेव्हाची ही गोष्ट. बाळाच्या डोक्याच्या बाजूला कातडीचा एक जाडसर ठिपका होता. शेजारी वाढणाऱ्या मेंदूकडून त्याला निरोप आला, की इथं कान होऊ द्या. ठिपका आत वळला, त्याची पिशवी झाली, आणि पिशवीतून निघालेली नळी शंखासारखे अडीच वेढे घेत गेली. पेशींना तोंड नसतं. आमचं बोलणं म्हणजे एकीनं सोडलेला रेणू दुसरीला जाऊन चिकटणं, किंवा नुसतं अंगाला अंग लागणं.

शंखाच्या पहिल्या वेढ्यात मी आणि माझी शेजारीण, आम्ही दोघी अगदी खेटून होतो. दोघींपैकी कोणीही केसपेशी होऊ शकली असती. ती किंचित पुढं गेली. तिच्या अंगावर डेल्टा नावाचं प्रथिन आलं, ते माझ्या अंगावरच्या नॉच नावाच्या प्रथिनाला लागलं, आणि माझ्या आतला केसपेशी घडवणारा जनुक बंद झाला. निरोप एवढाच होता: मी होते, तू थांब. मी थांबले. वाईट वाटलं नाही. सगळ्याच केसपेशी झाल्या असत्या तर त्यांना धरलं कोणी असतं? तिच्या डोक्यावर बारीक केसांचा तुरा उगवला आणि मी तिला खालून आधार दिला.

उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा बहिरं असतं, त्याचा कान मागून पुरा होतो. माकडांचं आणि माणसांचं तसं नाही. आमची घडण आईच्या पोटातच संपते. पण पोटात पोचतात ते जाड आवाज, आणि ते जातात शंखाच्या टोकाकडच्या पेशींना. आमच्या वाट्याचे आवाज बारीक, म्हणजे उंच पट्टीचे, स आणि श यांसारखे. ते बाळ बाहेर आल्यावरच येणार होते.

बाळ दीड महिना आधीच आलं. काचेच्या पेटीत ठेवलेल्या बाळाजवळ बसून अक्षता दिवसभर ‘श्श, श्श’ करत राहायची. ते ‘श्श’ माझ्या शेजारणीनं पकडून मेंदूकडं पाठवलं. तेच तिचं पहिलं काम. लगेच बाळाच्या रक्तात जंतू शिरले. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली, जंतू मेले, बाळ वाचलं. मात्र तेच औषध तुऱ्याच्या वाटेनं माझ्या शेजारणीच्या आत गेलं आणि साचत राहिलं. ती मेली. आमच्या वेढ्यातल्या बहुतेक केसपेशी मेल्या. मी त्या औषधाला दोष देत नाही. ते नसतं तर हे सांगायला मी उरले नसते.

तिच्या जागी भोक राहिलं तर आतले द्रव एकमेकांत मिसळतात. म्हणून आम्ही आधारपेशी पसरलो आणि तिची जागा बुजवली. मला वाटलं, थांबवणारी गेली, आता माझी पाळी. कोंबडीच्या कानात तसं होतं. केसपेशी मेल्या की आधारपेशी उठतात आणि नव्या केसपेशी होतात. माझ्या आतला जनुक उघडला नाही. निरोप देणारी गेली, निरोप तसाच राहिला.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले होते, “महिन्याभरानं कान तपासून घ्या.” घरी, तीर्थपुरीला आल्यावर कौसल्याआजींनी स्वयंपाकघरातली स्टीलची थाळी बाळामागं धरून उलथन्यानं वाजवली. बाळ दचकलं.

“बघ, कान बराबर हायेत हिचे,” आजी सुनेला म्हणाल्या. “आता जालन्याला कशाला हेलपाटा?”

थाळीचा दणका शंखाच्या टोकाकडं जिवंत राहिलेल्या पेशींनी पकडला होता. आमच्या वेढ्यात काय झालं ते त्या थाळीला कळणार नव्हतं.

प्रियदर्शनी तीन वर्षांची झाली, तरी ‘मा’ आणि ‘आ’ यापुढं गेली नाही. एकदा भाकरी थापता थापता अक्षता म्हणाली, “आत्याबाई, ही मागून हाक मारली तर वळत न्हाई. नुसती तोंडाकडं बघती माझ्या.”

“ध्यान न्हाई तिचं. बापावर गेली,” आजी म्हणाल्या. “सुम्या चार वर्साचा झाल्ता तवा कुठं बोलला. आता गप बस म्हनलं तर बसत न्हाई.”

पोरीचा बाप सुमित तिथंच जेवत होता. “माय, माझं काय काढून राह्यली मधीच?”

“मंग? आन् पोरीला ऐकू येत न्हाई तर जयंतीला डीजेपुढं कोन नाचलं? मी का?”

“तू बी नाचलीस, माय.”

अक्षता हसली नाही. “डीजे तर भिंतीला बी कळतो, आत्याबाई.”

ती उठली. लेकीच्या पाठीमागं उभी राहिली, तोंडाला पदर लावला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, “प्रियदर्शनी, शेव घे.” शेव म्हणजे पोरीचा जीव की प्राण. पोर चमच्याशी खेळत राहिली. अक्षता समोर आली, पदर काढला आणि तेच परत म्हणाली. पोरीनं लगेच हात पुढं केला.

मित्रांनो, पदराआडून आलेला तो ‘श’ माझ्या खालच्या पडद्यापर्यंत आला होता. मला तो कळला. पुढं सांगणारी नव्हती.

सुमितनं घास ताटात ठेवला. “उद्याच जाऊ,” तो म्हणाला.

जालन्याला एका बंद खोलीत प्रियदर्शनीच्या कानांवर हेडफोन लावले. आवाज आला की दांडीत रंगीत कडं टाकायचं, असा खेळ होता. जाड आवाजाला तिनं कडं टाकलं. आवाज बारीक होत गेला तशी ती कडं हातात धरून आईकडं बघत बसली. यंत्रातला आवाज बराच वाढवला तेव्हा तो हेडफोनबाहेर झिरपला, आणि आजींनी तिला कोपरानं ढोसलं. “टाक की गं बाई, वाजलं.”

“आजी, ते तुम्हाला ऐकू आलं. तिला येऊ द्या,” तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या.

“थाळीला दचकायची की वो, मॅडम.”

“दणका कळतो तिला. बोलणं कळत नाही.”

आजी उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. बाळाचा कान थाळीनं किंवा टाळीनं मोजू नका. जन्मल्याबरोबर तो यंत्रानं तपासून घ्या, आणि पुन्हा बोलावलं तर पुन्हा जा. लवकर कळलं तर कानाला यंत्र लावता येतं आणि बोलणं शिकायची वर्षं हातची जात नाहीत. आम्ही आधारपेशी जागा धरून ठेवतो, ती भरून काढू शकत नाही.

मॅडमनी आधी डाव्या कानाचा आलेख काढला, मग माझ्या बाजूचा: कोणत्या पट्टीचा आवाज किती मोठा केल्यावर तिला कळतो, याचा. नीट कानाला प्रत्येक पट्टीत वीस डेसिबलच्या आत पुरतात. उजवा कान: पाचशे हर्ट्झला पंचेचाळीस डेसिबल, हजारला साठ, दोन हजारला ऐंशी, चार हजारला पंच्याण्णव. आठ हजारला प्रतिसाद नाही.