जप्तीची बाटली

"मले नको," पुंजाजी खाटेवरूनच म्हणाला. "तुम्हीच त बंद केली ना, डाक्टरसाहेब."

डॉक्टर भगवंतरावांनी मान खाली घातली. मागे हवालदार पंजाबराव शर्टाखाली बाटली धरून उभा होता. दारूबंदीचे दिवस. बाटली ठाण्यातल्या जप्तीच्या मालातली होती.

पुंजाजी याच सरकारी दवाखान्यात मुडदे फाडायचा. दर मुडद्यामागे ठाण्यातून बाटली यायची. त्याशिवाय हे काम कुणाच्यानं होत नाही, असं सगळेच धरून चालत. शेवटी त्याला कावीळ झाली, पोट फुगलं. भगवंतरावांनी त्याला दाखल करून बजावलं होतं, "आता थेंब जरी घेतलास, तर माझ्या हातात काही राहणार नाही." त्यानं थेंब घेतला नव्हता. डोळ्यांतला पिवळेपणा उतरत होता. त्याच्या बायकोनं, जनकाबाईनं, काल त्याला पोटभर जेवताना पाहिलं होतं.

पण बाहेर बैलगाडीत विहिरीतून काढलेला एका नुकतंच लग्न झालेल्या पोरीचा मुडदा होता. तिचा बाप कडूबा पुंजाजीच्या पायथ्याशी येऊन बसला.

"फाडल्याबिगर देत नाहीत म्हणते. घरी नेऊ द्या मले तिले, दादा."

"दुसरा कोणी पाहा ना, साहेब," जनकाबाई म्हणाली.

"बुलढाण्याहून माणूस यायला उद्याची संध्याकाळ होईल. उन्हाळा आहे..." भगवंतराव म्हणाले.

पुंजाजी उठला. "करतो. पण बिनदारूचं."

मुडदे फाडायच्या खोलीत गेला नि बाहेर येऊन ओकला. पुन्हा गेला, पुन्हा ओकला. तिसऱ्यांदा सुरी उचलली नि तशीच खाली ठेवली. भगवंतराव नाकाला रुमाल लावून खिडकीशी उभे होते. कडूबा दाराबाहेर उकिडवा बसला होता. शेवटी पुंजाजीनं पंजाबरावापुढे हात केला. कुणी अडवलं नाही. जनकाबाईनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

काम त्यानं नीट केलं. बारीक टाके घातले, पोरीचं तोंड पुसलं, केस सारखे केले आणि मग बापाला आत बोलावलं.

सकाळी जिल्ह्याचे मोठे डॉक्टर तपासणीला आले. पुंजाजीच्या खाटेशी त्यांनी नाक आक्रसलं.

"काविळीच्या पेशंटला दारू? कुणी दिली?"

भगवंतराव खिडकीबाहेर पाहू लागले. पुंजाजीनं एकवार त्यांच्याकडे बघितलं.

"मीच पेलो, साहेब."

"या लोकांना किती सांगा. काढा याला. खाट तरी मोकळी होईल."

जनकाबाईनं गोधडी गुंडाळली. व्हरांड्यात भगवंतराव आडवे आले. "औषध बंद करू नका. मी पाठवत जाईन."

"कोणाच्या हातानं?" ती म्हणाली. "हवालदाराच्या?"

फाटकापाशी नळ होता. तिनं पुंजाजीला कट्ट्यावर बसवलं आणि ती त्याचे हात हातात घेऊन एकेक बोट चोळून धुवायला लागली.

"कालच धुतले म्या. साबण लावून."

"असू द्या," ती म्हणाली, आणि धूतच राहिली.