तडा आधीचाच होता

मित्रांनो, मला पूर्वी तीन पाय होते. आता माझ्या एका तुकड्याला दोन आहेत आणि दुसऱ्याला एक. मी एक जुना पाटा आहे, काळ्या खरबरीत दगडाचा, शोचिमिल्को गावाच्या कालव्याकाठी पालथा पडलेला. ज्याच्या जिवावर एक घर जेवत होते त्याला आज होड्या बांधतात आणि त्याच्यावर बदके शिटतात.

तेमोक नावाच्या पाथरवटाने मला डोंगराच्या खाणीतून काढले. दुसऱ्या कठीण दगडाने ठोकत ठोकत दोन महिने तो मला घडवत होता. इतका वेळ तो गिऱ्हाइकाच्या पाट्याला कधीच देत नसे. मी त्याच्या एकुलत्या एका लेकीसाठी होतो. तिचे नाव सेंतेवा. ती सासरी निघाली तेव्हा त्याने मला होडीत ठेवले आणि तो म्हणाला, "पोरी, तुझ्या नातसुना दळतील याच्यावर. मी खोटा दगड घडवत नाही."

सासरी माणसे दोनच. नवरा मातलाल आणि सासू पापान. पापान विधवा होती आणि मातलाल तिचे सर्वस्व. सेंतेवा पहाटे माझ्यापुढे गुडघे टेकून बसे. चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका ती माझ्यावर वाटे. मका मडक्यात टाकण्याआधी ती त्याच्यावर हळूच फुंकर मारी, म्हणजे तो आगीला भीत नाही. ते दिवस चांगले होते, हे मी कबूल करतो. पापान शेजारणींना हाक मारून पीठ दाखवायची. "दाताखाली एक कण आला तर माझं नाव बदला! पाथरवटाची पोर आणलीय मी, उगाच नाही!"

माझेही थोडे डोके फिरले होते. कौतुकाने दगडाचेही फिरते.

मग लढाईचे बोलावणे आले. मातलालला वस्तीतल्या इतर जवानांबरोबर निघायचे होते. निघण्याच्या आदल्या दिवशी सेंतेवा शिदोरीसाठी मका आणायला बाजारात गेली. पापानला मिरची वाटायची होती आणि मी नुकताच धुतलेला, ओला होतो. तिने मला सुकायला चुलीला खेटून ठेवले आणि शेजारणीशी बोलण्यात विसरली. आठवण झाली तेव्हा मी इतका तापलो होतो की हात लावता येईना. तिने गार पाण्याचे मडके माझ्यावर उपडे केले.

मी तडकलो. आवाज लहानसा होता, पण तिने तो ऐकला.

आमच्याकडे पाटा फुटणे म्हणजे घरातले माणूस जाणे. हे पोरासोरांनाही ठाऊक असते. आणि घरातले माणूस दुसऱ्या दिवशी लढाईला निघाले होते. पापानचा चेहरा पांढराफटक पडला. तिने इकडेतिकडे पाहिले, ओल्या पिठाचा गोळा घेतला आणि माझ्या तड्यात बोटाने दाबून भरला. मला तिची कीव आली होती. हेही सांगून टाकतो, कारण पुढे ती कीव उरली नाही.

मातलाल गेला. तिसऱ्या पहाटे सेंतेवा दळत असताना मी फुटलो. खूप सोसले मी, पण पिठाने का तडा सांधतो?

पापान धावत आली. खरे कारण तिच्या जिभेवर होते, पण तिने ते गिळले.

"फोडलास! माझं पोर तिकडं रणात आणि तू इथं पाटा फोडलास!"

"आई, मी रोजच्यासारखीच दळत होते हो..."

"रोजच्यासारखी म्हणे! पांढऱ्या पायाची! तो वाचायला हवाय ना तुला? मग हे अरिष्ट घेऊन चालती हो. तुकडेसुद्धा ने. तू इथं असेपर्यंत त्याच्यावरचं मरण टळणार नाही."

सेंतेवा भांडली नाही. तिचाही त्या शकुनावर विश्वास होता. नवरा जगावा म्हणून तिने आपले घर सोडले आणि मला पाठीवर बांधून बापाच्या दारात उतरली.

तेमोकने तुकडे उन्हात धरून पाहिले. फुटीच्या कडेची अर्धी बाजू ताजी, करडी होती. उरलेली अर्धी काळवंडलेली, आणि तिच्यात वाळलेले पीठ. "हा तडा आधीचाच आहे," तो म्हणाला. "तापल्या पाट्यावर गार पाणी ओतलंय कुणीतरी. वर बुजवलाय सुद्धा."

सेंतेवाला खरे वाटेना. ती म्हणाली, "ते परत येऊ देत. त्यांना दाखवा. ते सांगतील तेच खरं."

दोन महिन्यांनी मातलाल परत आला. नुसता जिवंत नव्हे, शत्रूचा एक जवान धरून, मानाची चादर पांघरून. साऱ्या वस्तीने पापानचे तोंडभरून कौतुक केले. अवलक्षणी सून वेळेवर हाकलली म्हणून पोरगा वाचला, असे जो तो बोलू लागला. पापानही तेच सांगू लागली.

तेमोक मला होडीत घालून जावयाकडे गेला. मातलालने तुकडे हातात घेतले. काळ्या भागावरून अंगठा फिरवला, वाळके पीठ नखाने खरवडले. मग चुलीपाशी बसलेल्या आईकडे पाहिले. पापानने मान वर केली नाही.

"दिसतंय मला, मामा," तो हळू आवाजात म्हणाला. "पण साऱ्या वस्तीत आईचं नाव झालंय. आता या वयात तिला खोटी पाडू?"

"आणि माझ्या लेकीचं वय काय, जावईबापू?"

 कोपऱ्यात एक कोरा पाटा टेकून ठेवला होता. नव्या सुनेच्या बापाने तो आधीच पाठवला होता. मातलालने माझे तुकडे होडीत नेऊन ठेवले, अगदी जपून, काळी बाजू खाली करून.

सेंतेवा काठावर उभी होती. "पाहिलं त्यांनी?"

"पाहिलं."

"मग काय म्हणाले?"

तेमोक होडीचा दोर बांधत राहिला. तिला उत्तर कळले. तिने मला उचलून इथे, काठावर टाकले आणि घरात जाऊन स्वतःच्या आईच्या जुन्या पाट्यावर संध्याकाळचा मका वाटायला बसली. अजूनही ती तिथेच वाटते.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी पाट्याने विनवायचे असते की मला जपा, उन्हातान्हात टाकू नका. फुटल्या पाट्याला काय जपणार? मला एवढेच मागायचे आहे. कधीतरी तुमच्याही घरात काही फुटेल, आणि ते कोणाच्या हातून फुटले हे तुम्हाला ठाऊक असेल. तेव्हा बोला. मला तोंड नव्हते. मातलालला होते.