पावावरचा दुसरा उंदीर

नव्या पिकासाठी देवाचे आभार मानायच्या सुगीच्या रविवारला तीन दिवस उरले होते आणि हेस्टर प्रॉसरने सातवा उंदीर पकडला.

"सात!" ती रिकाम्या चर्चमध्ये मोठ्यांदा म्हणाली. "आता इथे औषधाला उंदीर उरायचा नाही."

तिचा सापळा म्हणजे बिस्किटाचा एक जुना डबा. आत शेंगदाण्याचं लोणी, तोंडाशी पुठ्ठ्याची झडप. उंदीर शिरला की झडप पडायची आणि आतला पाहुणा मजेत ताव मारत बसायचा. हेस्टर दर तासाला डबा बघून यायची, मग तो उचलून चर्चच्या भिंतीपलीकडे जायची आणि उंदराला चिडवत, समजावत गवतात सोडायची. वीस वर्षं ती त्या चर्चची झाडलोट करत होती. सहा गावांना मिळून एकच पाद्रीणबाई, ती आठवड्याला तासभर यायची. उरलेल्या वेळात बोलायला हेस्टरला उंदरांशिवाय होतं कोण?

खरी घाई लावली होती क्लेमेंट ग्वाटकिनने. क्लेमेंट चर्चचा कारभारी, उभा जन्म मेंढ्या राखण्यात गेलेला आणि शाळेत हेस्टरच्याच बाकावर बसलेला. प्रार्थनेच्या वेळी गुडघ्यांखाली घ्यायच्या उश्या गावातल्या बायकांनी वर्षानुवर्षं बसून भरल्या होत्या. त्यातल्या चार कपाटात कुरतडलेल्या निघाल्या तेव्हा त्याचं डोकं फिरलं.

"हे बघ हेस्टर," तो म्हणाला होता, "रविवारची प्रार्थना संपेपर्यंत मला एक जरी उंदीर दिसला, तरी सोमवारी सकाळी औषधवाला येणार. मग माझ्यासमोर रडायचं नाही."

"आणि नाही दिसला तर?"

"तर तुझा डबा आणि तू, काय घालायचा तो गोंधळ घाला."

सहा वर्षांपूर्वी एकदा औषधवाल्याने विषाचे निळे दाणे टाकले होते. तिसऱ्या दिवशी उंदीर भरदिवसा बाहेर आले. भीती नाही, पळणं नाही, झिंगल्यासारखे चालत आले आणि बसले. त्यातला एक हेस्टरने ओंजळीत घेतला होता. जीव जायला पाऊण तास लागला त्याला. क्लेमेंटला तिने हे कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगताना रडू येईल हे तिला माहीत होतं आणि क्लेमेंटसमोर रडण्यापेक्षा तिने घंटेच्या मनोऱ्यावरून उडी मारली असती.

गुरुवारी संध्याकाळी ती पाव घ्यायला डिलिस टजच्या बेकरीत गेली आणि आपला पराक्रम सांगून बसली.

"भिंतीपलीकडे सोडतेस?" डिलिस हसत सुटली. "अगं, मग तोच परत येत असेल! शेपटीला नखांचा रंग लाव आणि बघ."

"काहीतरीच तुझं!" असं हेस्टर म्हणाली खरी, पण घरी गेल्यावर तिने रंगाची बाटली शोधली. शुक्रवारी सकाळी सापडलेल्या आठव्याच्या शेपटीच्या टोकाला तिने गुलाबी ठिपका दिला आणि त्याला भिंतीपलीकडे सोडलं. दुपारी डब्यात पुन्हा खुडबुड झाली. तिने झाकण किलकिलं केलं. आत दाण्याचं लोणी, मिशा आणि गुलाबी शेपूट.

"अरे लबाडा! म्हणजे आठ नव्हेत. तू एकटाच?"

तिला हसू आवरेना. आठवडाभर ती एकाच उंदराला पुन्हा पुन्हा निरोप देत होती! मग हसता हसताच ती सावध झाली. एकच आहे, म्हणजे एकच हलवायचा आहे. ती सायकलवर बसली आणि डबा पुढच्या टोपलीत ठेवून तडक अर्ध्या मैलावरच्या कुंपणापर्यंत गेली. शनिवारचा अख्खा दिवस डबा रिकामा. फळं आली, भोपळे आले, खिडक्याखिडक्यांतून डेलियाची फुलं सजली, आणि हेस्टर दर तासाला डबा उघडून टाळी वाजवत राहिली. जिंकली होती ती!

रविवारी सकाळी डिलिसने पाव आणला.

सुगीचा तो पाव म्हणजे गावाची शान. पिठात घडवलेली गव्हाची अख्खी पेंढी, ओंब्या वेगळ्या, काड्या वेगळ्या, मध्ये पिठाच्याच दोरीचा पीळ, सगळं भाजून तांबूस तकतकीत केलेलं, आणि काड्यांवरून वर चढणारा पिठाचा एक इवलासा उंदीर. हा उंदीर हवाच. त्याच्याशिवाय पाव आणला तर गाव डिलिसला वाळीत टाकेल. लाकडी फळीवरचा तो पाव दाराजवळच्या टेबलावर ठेवून डिलिस सफरचंदं रचायला पुढे निघून गेली.

माणसं बाकांवर बसू लागली. हेस्टर कौतुकाने पावाजवळ गेली आणि जागच्या जागी थिजली.

पावावर दोन उंदीर होते.

एक वर, ओंब्यांपाशी, बेदाण्याच्या डोळ्यांचा. दुसरा खाली, दोरीच्या पिळाला चिकटून. त्याचे डोळे बेदाण्याचे नव्हते. त्याच्या शेपटीच्या टोकाला गुलाबी ठिपका होता. हेस्टरची सावली पडली तसा तो दगड झाला. मिशीसुद्धा हलेना.

"अर्धा मैल रे!" हेस्टर पुटपुटली. "अर्धा मैल चालत आलास?"

"वा! यंदा दोन?" मागून क्लेमेंटचा आवाज आला. अंगात ठेवणीतला सूट, केस पाणी लावून बसवलेले. चष्मा मात्र जीपमध्ये, कारण चारचौघांत तो म्हातारा दिसतो असं त्याचं मत. तो पावावर वाकला. "हा खालचा तर काय जमलाय! आत्ता पळेल असं वाटतंय. ए डिलिस, उंदरांची पैदास वाढली वाटतं तुझ्याकडे!"

"काय?" डिलिस पलीकडून ओरडली.

"छान झालाय म्हणतोय!" हेस्टर तिच्याहून मोठ्यांदा ओरडली. तिचं काळीज इतकं धडधडत होतं, की त्या आवाजानेच उंदीर पळेल असं तिला वाटलं. "क्लेम, तू जा ना पुढे. पाव मी आणते."

"तू? पाव कारभाऱ्याने न्यायचा असतो. माझ्या आजोबांनी नेलाय, बापाने नेलाय. हो बाजूला."

आणि त्याने फळी उचलली.

ऑर्गन वाजू लागला, सगळे उभे राहिले, आणि क्लेमेंट ग्वाटकिन दोन बाकांच्या रांगांमधून जिवंत उंदीर मिरवत निघाला. हेस्टर मागून चालली. पळ, नको पळू, पळ, नको पळू, असं तिच्या मनात चाललं होतं. पळाला तर सत्तर माणसांदेखत पळणार, आणि उद्या निळे दाणे. तिसऱ्या बाकापाशी उंदीर हलला. पिळाशी पावाला एक भेग गेली होती, त्यात तो मागे मागे सरकला आणि थेट क्लेमेंटच्या अंगठ्याला जाऊन टेकला.

क्लेमेंट थांबला. फक्त एका पावलापुरता. मग त्याचे कान लाल झालेले हेस्टरला मागून दिसले.

संपलं, तिला वाटलं.

पण क्लेमेंट पुन्हा चालू लागला. हळू, अगदी हळू, भरलेलं दुधाचं भांडं नेल्यासारखा. वेदीपाशी त्याने फळी ठेवली, खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढून पावाच्या खालच्या अर्ध्या भागावर पांघरला, आणि आपल्या जागी न जाता पूर्ण प्रार्थना तो पावाशेजारी उभा राहिला. एकदाही त्याने हेस्टरकडे पाहिलं नाही.

प्रार्थना संपली. रिवाजाप्रमाणे शेजारच्या दालनात जेवण होतं आणि पहिला मान त्या पावाचा. डिलिस सुरी घेऊन आली.

"हा पाव कापायचा नाही," क्लेमेंट म्हणाला.

"का?"

"कच्चा आहे."

"कच्चा?" डिलिसचा आवाज चढला. "तीस वर्षांत माझा एक पाव कच्चा निघाला नाही, क्लेमेंट ग्वाटकिन!"

"हा निघाला," असं म्हणत त्याने फळी उचलली. "हेस्टर, चल."

जीपमध्ये बसताच त्याने फळी तिच्या मांडीवर ठेवली आणि गाडी सोडली.

"आधी कुठे सोडला होतास?"

"भिंतीपलीकडे," हेस्टर म्हणाली. "मग अर्ध्या मैलावर."

"भिंतीपलीकडे! अगं, माझी लंगडी मेंढीसुद्धा यायची तिथून परत! नदी ओलांडायला हवी. नदी!"

"रागावलायस?"

"हो," तो गरजला. मग गिअर बदलत म्हणाला, "थरथरत होता गं. अंगठ्याला कळत होतं. एवढासा जीव, पण पळाला नाही बघ."

हेस्टरने खिडकीबाहेर पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. मनोऱ्यावरून उडी मारायची आता काही गरज वाटली नाही, म्हणून तिने ते निळ्या दाण्यांचं आणि पाऊण तासाचं सगळं सांगून टाकलं. क्लेमेंटने गाडीचा वेग कमी केला.

पूल ओलांडून दोन मैलांवर हेझलच्या झुडपांच्या कुंपणापाशी ते उतरले. क्लेमेंटने पाव गवतावर ठेवला, चष्मा चढवला आणि रुमाल उचलला. उंदीर भेगेतून बाहेर आला, मागच्या पायांवर उभा राहिला आणि हवा हुंगू लागला.

"जा बाळा," हेस्टर म्हणाली.

"थांब!" क्लेमेंटने दोन्ही हातांनी पावावर आडोसा धरला. "थांब, थांब! पोट बघ त्याचं. केस बघ कसे ओले होऊन बाजूला झालेत." पन्नास वर्षं मेंढ्यांची वेतं बघितलेला माणूस तो. त्याचा आवाज एकदम खाली आला. "तो नाही गं हा. ही आहे. आणि दुभती आहे! पिल्लं चर्चमध्ये आहेत हिची."

"म्हणून! म्हणून सारखी परत..."

"सकाळपासून उपाशी असतील ती! बस गाडीत! बस लवकर!"

त्याने उंदरिणीला पुन्हा रुमालाखाली घेतलं, आणि जीप त्या अरुंद रस्त्यावरून अशी उधळली, की दोन सायकलवाल्यांनी कुंपणात उड्या टाकल्या. "अजून थोडंच, पोरी," तो पावाकडे बघून म्हणत होता आणि हेस्टर, "रस्त्याकडे बघ रे!" असं ओरडत हसत होती, रडत होती.

चर्च रिकामं होतं. कुरतडलेल्या उश्यांतच घरटं असणार, म्हणून त्याने उश्यांच्या कपाटासमोर पाव ठेवला. उंदरीण क्षणभर थांबली, मग गुलाबी शेपूट कपाटाखाली गेलं. दोघं म्हातारी माणसं जमिनीवर पालथी पडून, कान लावून ऐकत राहिली. आधी काहीच नाही. मग बारीक, अगदी बारीक चिवचिव, आणि ती एकदम थांबली. पोटात दूध गेलं होतं.

बाहेर पावलं वाजली. क्लेमेंट धडपडत उठला आणि दार अडवून उभा राहिला. समोर पाद्रीणबाई, आणि तिच्यामागे हातात सुरी घेऊन लालबुंद झालेली डिलिस.

"माझा पाव कुठाय?"

"त्या औषधवाल्याला सांगा, येऊ नकोस," क्लेमेंट पाद्रीणबाईला म्हणाला. "तीन आठवडे या कपाटाला कुणी हात लावायचा नाही. पिल्लांचं दूध तुटलं की आई आणि पोरं, सगळ्यांना मी स्वतः नदीपार नेऊन सोडेन."

"कुणाला?" डिलिस किंचाळली. "चाललंय तरी काय आत?"

क्लेमेंटने बोट ओठांवर ठेवलं.

"हळू बोल, डिलिस. आत बाळंतीण आहे."