बॅग पोचली, ताई राहिली

मी बॅग बोलतेय. चाकांची, मरून रंगाची, उभी केलीत तर तुमच्या कमरेला लागेन एवढी. सध्या कपाटावर आडवी पडले आहे. पोटात जुने पडदे कोंबलेत, आणि अंगावर धूळ किती आहे ते विचारू नका. बोलायची सवय मला नाही. ऐकायची मात्र आहे, कारण माणसं बॅगेसमोर काहीही बोलतात.

माझा जन्म कारखान्यातला. एका मापात कापलेल्या आम्हा बहिणींना शिवलं, चेन लावली, पोटात कागदाचे बोळे भरले आणि दुकानात पाठवून दिलं. तिथे माणसं यायची, दोन बोटांनी हॅंडल वरखाली करायची, मला फरशीवर गरागरा फिरवायची आणि ‘बघतो, सांगतो’ म्हणत निघून जायची. ताईने तसं काही केलं नाही. तिने चेन उघडली, अस्तराची शिवण बोटाने चाचपली आणि म्हणाली, “टाका बरा घातलाय. हीच द्या.”

ताई शिवणकाम करायची. लग्नाचे कपडे ही तिची खासियत. तयार कपडे माझ्यात घडी करून ती गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायची. घालून बघितल्यावर कुणी म्हणायचं, जरा सैल करा. आठवड्याने तीच मुलगी म्हणायची, जरा घट्ट करा. ताई हसायची. “शरीराचं माप घेता येतं बाई, मनाचं कुठून घेऊ?”

तिचे यजमान लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. जवळची अशी एकच, धाकटी बहीण. ती लांब बंदराच्या गावी राहायची आणि तिथल्या बस डेपोत वेळापत्रकं बनवायची. स्वभाव कामासारखाच, रोखठोक.

एके दिवशी ताईला सरळ रेष वाकडी दिसायला लागली. तिला वाटलं, कापडच वाकडं कापलंय. तिने ते उसवलं, पुन्हा शिवलं. तेही वाकडं. मग तिने दाराच्या चौकटीकडे बघितलं. चौकटसुद्धा मधोमध पोट निघाल्यासारखी दिसत होती. ताई हातात कात्री घेऊन तशीच बसून राहिली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, डोळ्याच्या आतल्या पडद्याला सूज आहे, दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती टिकवायची. “किती टिकेल?” ताईने विचारलं. “यंदाचं सांगते,” बाई म्हणाल्या. “पुढच्या वर्षाचं मला विचारू नका.”

धाकटी धावत आली. जेवणं झाल्यावर म्हणाली, “ताई, बघायचं राहिलंय असं काय आहे तुझं? खरं सांग.”

“समुद्र,” ताई म्हणाली.

“माझ्याकडे आलीस की बघतेसच की.”

“काठावरून काय, अर्धाच दिसतो गं. पार मधोमध जाऊन बघायचाय. जिकडे मान वळवावी तिकडे तोच.”

असा दोघींचा क्रूझचा बेत ठरला. त्या मोसमातली शेवटची फेरी मिळाली. धाकटीने पहिल्यांदा एकच गोष्ट बजावली. “विमानाने आदल्या दिवशी यायचं आणि माझ्याकडे मुक्काम करायचा. बस चुकली तर मागची मिळते. जहाजाच्या मागे जहाज नसतं.” ताईने मान डोलावली.

पण देवाला म्हणा, दैवाला म्हणा, हे मंजूर नव्हतं. डॉक्टरीणबाई आजारी पडल्या आणि ताईचं इंजेक्शन पुढे गेलं, ते नेमकं जहाज सुटायच्या आदल्या दिवशी दुपारी. “दुसऱ्या दिवशी सकाळी विमानात खुशाल बसा,” दवाखान्यातून सांगितलं, “पण चुकवू मात्र नका. आत्ता चुकवलंत तर बरीच नजर जाईल.”

धाकटी म्हणाली, “जहाज राहू दे.” ताई म्हणाली, “मग पुढच्या वर्षी मी काय बघू? वास घेऊ?” कोणतीही वाट धरली तरी जाणार होती ती नजरच.

शेवटी धाकटीने डोकं चालवलं. सकाळचं पहिलं विमान घ्यायचं. ते आदल्या रात्रीच मुक्कामाला येऊन उभं असतं, मागून उशिरा यायचा प्रश्न नाही. वाटेत बदलायचंही नाही. सामानाच्या पट्ट्याशी ताटकळायला नको, म्हणून बॅग धाकटीने आधीच न्यायची. ताईने फक्त पर्स घेऊन यायचं आणि थेट धक्क्यावर पोचायचं. तसं बघितलं तर हाताशी भरपूर वेळ होता.

ताईने मला भरलं. स्वतःसाठी कधी नव्हे ते तिने नवे कपडे शिवले होते, वाऱ्याला उडू नयेत म्हणून गळ्याशी बटणं लावलेले. धाकटी माझ्यावर बसली तेव्हा कुठे चेन लागली. दोघी लहान मुलींसारख्या हसल्या. ताईला तसं हसताना मी त्यानंतर ऐकलेलं नाही.

जहाज सुटायच्या दिवशी मी धाकटीबरोबर धक्क्यावर उभी होते. जहाज म्हणजे पाण्यात उभी केलेली इमारतच. धाकटी फोन कानाला लावूनच येरझाऱ्या घालत होती. विमानात कसलासा लाल दिवा लागला होता. मेकॅनिक आला, दुसरा मेकॅनिक आला. सगळ्यांना उतरवलं, मग परत चढवलं. विमान उडालं तेव्हा हाताशी ठेवलेला सगळा वेळ संपत आला होता.

काउंटरवरची मुलगी धाकटीला म्हणाली, “मॅडम, तुम्ही तरी चढा. दार बंद होईल.”

“माझी बहीण आल्याशिवाय मी चढणार नाही.”

तेवढ्यात ताईचा फोन आला. आवाज अगदी स्वच्छ. “उतरले गं मी. टॅक्सीतसुद्धा बसले. समोर जहाजाचं टोक दिसतंय. तू चढ, खोली उघड, मी आलेच.”

धाकटी चढली. मीही चढले.

ताई टॅक्सीत नव्हती. विमान उतरलं होतं, पण शिडी लागली नव्हती. ताई आपल्या सीटवरच होती. आपल्यापायी धाकटीचंही जहाज जाईल, म्हणून ती खोटं बोलली. हे मला खूप नंतर कळलं, ती शेजारणीला सांगत होती तेव्हा. पुढे टॅक्सी मिळाली, टॅक्सीवाल्याने जीव तोडून गाडी हाणली. ताई धक्क्यावर पोचली तेव्हा दोर सुटले होते. “मला जहाज असं दिसलंच नाही,” ती शेजारणीला म्हणाली. “पांढरं काहीतरी हललं, एवढंच.”

धाकटीने जहाजावर रडून-ओरडून गोंधळ घातला. मला उतरवा म्हणाली. चढण्या-उतरण्याचा पूल काढला होता. मग म्हणाली, तिला पुढच्या बंदरात तरी घ्या. पुढचं बंदर परक्या देशाचं. जहाजाने येणाऱ्यांना तिथे व्हिसा लागत नव्हता, पण विमानाने उतरायला हवा होता, आणि ताईजवळ तो नव्हता. अधिकारी नम्रपणे बोलत होता, पण त्याचं ‘नाही’ काही बदललं नाही.

खोलीला मोठी खिडकी होती. मला खिडकीशी उभं केलं होतं. दुसऱ्या दिवशी जमीन दिसेनाशी झाली आणि ताई म्हणाली होती तसंच झालं, जिकडे बघावं तिकडे तोच. धाकटी खिडकीकडे पाठ करून पलंगावर बसली. ती चार-दोनदाच वळली. वळली की तोंडावर हात धरायची. माझी चेन सगळ्या प्रवासात उघडली गेली नाही.

परत आल्यावर ती मला घेऊन ताईकडे गेली. ताईने चहा ठेवला. धाकटी म्हणाली, “काही विशेष नव्हतं गं. नुसतं पाणी. दोन दिवसांत कंटाळा आला.”

“खोटं बोलू नकोस,” ताई शांतपणे म्हणाली. “मला सांग तरी. कसं होतं?”

“निळं होतं.”

“कसलं निळं? मोरपंखी? राखाडीकडे झुकणारं? सकाळी वेगळं, संध्याकाळी वेगळं?”

धाकटी बिचारी गोंधळली. रंग हा ताईचा प्रांत. “मला नाही कळत ताई त्यातलं,” ती रडवेली झाली. “निळंच होतं.”

ताई उठली, रिळांचा डबा घेऊन आली आणि तिच्या मांडीवर ठेवला. “यातलं दाखव.”

धाकटीने बराच वेळ शोधलं. एक उचललं, ठेवलं, दुसरं उचललं. शेवटी एक रीळ तिने ताईच्या तळहातावर ठेवलं. ताई ते खिडकीशी घेऊन गेली. डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं, मान वळवून डोळ्याच्या कडेने बघितलं.

“हे का?”

“हो. जवळजवळ हेच.”

“छान आहे,” ताई म्हणाली.

तिला काही दिसलं नव्हतं. मला ते कळलं, आणि धाकटीच्या तोंडाकडे बघून वाटलं, तिलाही कळलं.

त्या गोष्टीला आता काळ लोटला. इंजेक्शनं थांबली, कारण टिकवण्यासारखं काही उरलं नाही. शिलाईचं मशीन शेजारणीच्या सुनेने नेलं. धाकटी दर रविवारी फोन करते. औषधं घेतलीस का, गॅस बंद केलास का, हवा कशी आहे. दोघींपैकी एकही जहाजाचं नाव काढत नाही. फोन दिवसेंदिवस आखूड होत चाललेत. एकमेकींवर राग असता तर भांडून मोकळ्या तरी झाल्या असत्या. राग नाही, म्हणून काही करताही येत नाही.

माझं एक चाक अडकलंय आणि हॅंडल वर येत नाही. मला आता कुणी कुठे नेणार नाही, आणि माझी तक्रारही नाही. तुम्हाला एवढंच सांगते, जे तुमच्यासाठी थांबणार नाही ते गाठायचं असेल, तर आदल्या दिवशी जा. आणि ज्याला आदल्या दिवशी निघताच येत नाही, त्याला काय सांगायचं ते मला ठाऊक नाही. इतकी वर्षं कपाटावर पडून मी तेच शोधतेय.